घरच्या नानकटाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की विचारणा सुरू होते. कुणाची नानकटाई पसरते, कुणाची दगड होते, कुणाकडे ओव्हनच नसतो. वर्षानुवर्षं जमलेले हे प्रश्न इथे साध्याकडून अवघडाकडे लावले आहेत. नानकटाई बिघडते ती बहुतेक वेळा भट्टीत नाही, त्याआधी तुपाच्या परातीत. म्हणून घाई असेल तर प्रश्न ५ आणि ६ आधी वाचा, बाकीचे नंतर.

१. नानकटाई आणि बिस्किट यांत नेमका फरक काय?

पाण्याचा. बिस्किटाच्या पिठात सहसा दूध किंवा पाणी असतं, पीठ लाटून छापलं जातं. नानकटाईचं पीठ जवळजवळ फक्त तुपावर बांधलं जातं. पाणी नसल्यामुळे मैद्यातलं ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जात नाही. म्हणून ती मोडताना कटकन तुटत नाही, भुसभुशीत होऊन विरघळते. हाताने वळून अंगठ्याने दाबलेली, मधे किंचित फुगीर, वरून भेगाळलेली, बटणासारखी गोल, अशी तिची जुनी ओळख. साचा नाही, लाटणं नाही.

२. हे नाव कुठून आलं? ही आपली का पारशांची?

‘नान’ हा फारसी शब्द, अर्थ रोटी किंवा पाव. ‘कटाई’ म्हणजे मूळ ‘खताई’, तिचा संबंध चीनकडच्या मुलखाच्या जुन्या नावाशी लावतात. अफगाणिस्तानातही खताई नावाची अशीच भुसभुशीत कुकी करतात. आपल्याकडे ती आली सुरतेहून. सुरतेत डचांची वखार होती. तिथे सांगतात ती गोष्ट अशी: डचांसाठी पाव भाजणारी भट्टी ते जाताना फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. ताडीने फुगवलेला तो पाव गावातले लोक घेईनात, तेव्हा त्याच भट्टीत लोकांना रुचेल असं काही करता करता सुरती बटर (हे लोणी नव्हे, कडक बिस्किट) आणि नानकटाई घडली. पुढे ती मुंबईला आली आणि मराठी घरात दिवाळीच्या डब्यात बसली. आपली का त्यांची, हा वाद मी घालत नाही. ज्या घरात ती दरवर्षी होते, त्या घराची ती असते.

३. एक खात्रीचं प्रमाण द्या ना, ताई. प्रत्येक जण वेगळं सांगतं.

हे घ्या. पहिल्यांदा करताना यात काहीही बदलू नका.

मैदा १५० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, घट्ट साजूक तूप ११५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, थोडं किसलेलं जायफळ.

मैदा, बेसन, रवा, पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. रवा चाळणीत राहिला तर नंतर वरून मिसळा. तूप आणि साखर पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसा (कसं, ते प्रश्न ६ मध्ये). वेलची-जायफळ घाला. आता कोरडं मिश्रण दोन-तीन वेळा थोडं थोडं घालत हलक्या हाताने गोळा करा. मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. दहा-दहा ग्रॅमच्या गोळ्या वळल्या तर चाळीसच्या आसपास छोटी बटणं होतात, वीस ग्रॅमच्या वळल्या तर बेकरीच्या मापाच्या वीस-एकवीस. ओव्हन १६० अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्या. छोट्यांना १४ ते १६ मिनिटं, मोठ्यांना १८ ते २० मिनिटं लागतात.

४. आमच्याकडे वजनकाटा नाही. वाटीने मोजलं तर?

मोजता येतं. जुन्या बायकांचं माप ‘दोन वाट्या पीठ, एक वाटी साखर, एक वाटी तूप’ असंच असायचं. अडचण इतकीच की वाटीत मैदा दाबून भरला तर बराच जास्त बसतो, आणि तूप पातळ मोजलं की घट्ट मोजलं यानेही फरक पडतो. त्यामुळे वाटी एकच ठेवा, मैदा चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट करा, तूप घट्टच मोजा. आणि तूप सगळं एकदम घालू नका, दोन चमचे मागे ठेवा. पीठ कसं बांधलं जातंय ते पाहून उरलेलं घाला. ते कसं ओळखायचं, यासाठी प्रश्न १७ पाहा.

५. तूप नेमकं कसं हवं? पातळ, घट्ट, का फ्रीजमधलं?

बोट दाबलं तर सहज रुतेल, पण बोटावरून ओघळणार नाही, असं. लोण्यासारखं मऊ.

यामागचं कारण कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. फेसताना आपण तुपात हवा कोंडत असतो. तूप पातळ असेल तर हवा धरून ठेवायला त्यात काहीच नसतं, बुडबुडे येतात आणि फुटतात. तूप फ्रीजमधलं कडक असेल तर हवा आत शिरतच नाही. मधल्या अवस्थेत तुपातले बारीक घट्ट कण त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. तीच हवा भट्टीत फुगते आणि नानकटाई हलकी होते.

आपल्या हवेत हे सांभाळणं हीच खरी कसोटी आहे. तूप तीस-पस्तीस अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. पुण्यात दिवाळीच्या पहाटे ते बरणीत घट्ट असतं, मुंबईत ऑक्टोबरच्या दुपारी ओघळत असतं आणि नागपुरात मे महिन्यात तर ते तेलच असतं. ओघळणारं असेल तर वाटी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मधे दोनदा ढवळा, म्हणजे कडेला गड्डा आणि मधे पातळ असं होणार नाही. कडक असेल तर बाहेर काढून वाट पाहा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ‘जरासं’ गरम करू नका, ते जरासं कधीच राहत नाही.

गाईचं तूप म्हशीच्या तुपापेक्षा मऊ आणि लवकर वितळणारं असतं. पहिल्यांदा करत असाल तर म्हशीचं घ्या, जास्त समजून घेतं. घरी कढवलेलं रवाळ तूप उत्तम, पण बेरीचे तपकिरी कण गाळून टाका. ते राहिले तर नानकटाईवर ठिपके पडतात.

६. तूप-साखर किती वेळ फेसायची? झालं हे कळतं कसं?

हाताने दहा ते पंधरा मिनिटं, इलेक्ट्रिक बीटरने चार-पाच मिनिटं. पण घड्याळापेक्षा रंगाकडे पाहा. पिवळसर तूप पांढरं होत जातं. आकार जवळजवळ दीडपट वाटतो. बोटाने उचललं तर मऊ टोक उभं राहतं. परातीच्या कडेला हात फिरवताना आधी जो चिकट, जड आवाज येतो, तो हलका होतो. दोन-तीन वेळा केल्यावर हा आवाज कानाला ओळखू येतो.

तूप नीट फेसलं का ते पाहायला थेंब पाण्यात टाका, तरंगला तर झालं, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ती परीक्षा उडदाच्या वाटलेल्या डाळीची आहे. तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेसताही तरंगतं. त्यावर विसंबू नका.

साखर पिठीच हवी आणि चाळलेली हवी. मिक्सरमध्ये घरी दळत असाल तर दळल्यावर पाच मिनिटं गार होऊ द्या, कारण मिक्सरमध्ये साखर कोमट होते आणि तूप वितळवते. माझी आई पितळी परातीत तळहाताच्या गादीने फेसायची. तशी पद्धत अजूनही सर्वांत चांगली, पण थंड हवेत. उकाड्यात हाताच्या उबेने तूप सुटतं, तेव्हा लाकडी डाव किंवा बीटर घ्या.

७. बेकरीसारखी चव घरच्या तुपाच्या नानकटाईला का येत नाही?

कारण बेकरीतल्या नानकटाईत बहुतेक वेळा साजूक तूप नसतं, वनस्पती तूप असतं. डालडा १९३७ मध्ये बाजारात आलं आणि स्वस्त, टिकाऊ म्हणून बेकऱ्यांत रुळलं. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं, हवा चांगली धरतं, भट्टीत उशिरा वितळतं. म्हणून बेकरीची नानकटाई उंच राहते आणि तिच्यावर खोल भेगा पडतात. साजूक तुपाची थोडी बसकी आणि दाट होते, पण तिचा वास त्या दुसरीला कधी येणार नाही.

वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटबद्दलही नेहमी विचारतात. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलं आणि वनस्पतीमध्ये त्याची मर्यादा २ टक्के आहे. पूर्वीपेक्षा ही कितीतरी कडक आहे. तरी माझ्या घरी मी साजूक तूपच वापरते. ज्यांना ती भेगाळलेली बेकरीची नानकटाईच हवी आहे, त्यांनी तीन भाग साजूक आणि एक भाग वनस्पती घेऊन पाहावं.

८. तुपाऐवजी लोणी किंवा बाजारचं बटर चालेल?

चालेल, पण ती वेगळी वस्तू होईल. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. ११५ ग्रॅम तुपाच्या जागी १४० ग्रॅम बटर लागेल आणि त्यातून वीसेक ग्रॅम पाणी पिठात जाईल. ते पाणी मैद्याला चिवट करतं, म्हणून नानकटाई विरघळण्याऐवजी कुरकुरते. बटर खारं असेल तर वरचं मीठ वगळा. घरच्या ताज्या लोण्यात पाणी आणखी जास्त असतं, त्याचं तूपच कढवा.

९. बेसन आणि रवा घालायलाच हवा का?

नाही. नुसत्या मैद्याची नानकटाई होते आणि ती जास्त पांढरी, जास्त नाजूक होते. बेसनाने खमंगपणा आणि रंग येतो, रव्याने दाताखाली कण. बेसन जास्त झालं तर टाळूला चिकटतं, म्हणून एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नका. बेसन आधी भाजायची गरज नाही. भाजलंच तर पूर्ण गार करून घाला.

१०. सोडा, बेकिंग पावडर, दही, अमोनिया… यातलं नक्की काय घालू?

वरच्या प्रमाणाला बेकिंग पावडर पुरे आहे, सोडा फक्त चिमूटभर.

बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत आम्ल आधीच असतं. नुसत्या सोड्याला आम्ल लागतं, म्हणून जुन्या पद्धतीत एक चमचा दही घालतात. दही न घालता सोडा वाढवला तर तो भट्टीच्या उष्णतेने फुगवतो खरा, पण मागे साबणासारखी चव आणि पिवळट डाग ठेवतो. दही घालत असाल तर ते टांगून पाणी काढलेलं घ्या आणि पीठ लगेच भाजा.

अमोनिया म्हणजे बेकरीतला खाण्याचा अमोनिया, अमोनियम बायकार्बोनेट. तो तापला की संपूर्ण वायू होऊन निघून जातो, मागे चव ठेवत नाही आणि नानकटाई फार खुसखुशीत करतो. मात्र भाजताना घरभर उग्र वास सुटतो, आणि जाड पदार्थात तो वायू आतच अडकतो. छोट्या बटणांना चालतो, केकला अजिबात नाही. घरी मी वापरत नाही. वापरलाच तर खिडक्या उघड्या ठेवा आणि कच्चं पीठ चाखू नका.

तसं पाहिलं तर कच्चं पीठ कधीच चाखू नका. मैदा कच्चा असतो, त्यात जंतू असू शकतात. मुलं बोटं चाटतात, तेव्हा जरा लक्ष ठेवा.

११. सगळ्या एकसारख्या गोल, बटणासारख्या कशा करायच्या?

पहिल्या चार-पाच गोळ्या वजन करून घ्या, मग हाताला माप बसतं. काटा नसेल तर छोटा मोजचमचा सपाट भरून पीठ घ्या. गोळी तळहातांमध्ये गुळगुळीत होईपर्यंत फिरवा, ट्रेमध्ये ठेवा आणि अंगठ्याने मधोमध अगदी हलकं दाबा. खड्डा पडायला नको, नुसती बसायला हवी. जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास राहू दे. त्या दाबावर चारोळीचा दाणा किंवा पिस्त्याचा काप बसवा, नाहीतर दात कोरायच्या काडीने बटणाला असतात तशी चार छिद्रं पाडा. आमच्या घरी मुलांचं काम तेच. छिद्रं ट्रेपर्यंत खोल नेऊ नका, तिथून तडकते.

दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. कडेला भाजण्याआधीच चिरा दिसत असतील तर पीठ कोरडं आहे, प्रश्न १७ पाहा.

१२. ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) कोणता रॉड, कोणती पट्टी, किती तापमान?

दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत, १६० अंश. दहा मिनिटं आधी तापवायचा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो आणि वरून लवकर लालसर होते. तसं झालं तर शेवटची पाच मिनिटं फक्त खालचा ठेवा. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान १५ ते २० अंशांनी कमी. घरगुती ओव्हनचा काटा आणि आतलं खरं तापमान पुष्कळदा जुळत नाही, म्हणून पहिल्या वेळी पाचच गोळ्या भाजून आपला ओव्हन ओळखून घ्या. हे पाच गोळ्यांचं काम मी नवीन ओव्हनवर अजूनही करते.

झाली हे ओळखायचं खालून: उलटी करून पाहिली तर तळ फिकट सोनेरी हवा. वरून ती जवळजवळ पांढरीच राहते. वरून लाल होण्याची वाट पाहिली तर जास्त भाजली जाते.

१३. ओव्हन नाही. कढईत किंवा कुकरमध्ये होईल?

कढईत उत्तम होते. जाड बुडाची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची कढई घ्या, नॉनस्टिक नको. तळाला दोन बोटं जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, त्यात स्टँड किंवा छोटी वाटी उपडी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळ्या मांडून ताटली आत ठेवा, आच मंद करा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. ते मीठ पुन्हा याच कामाला वापरता येतं.

यात आच फक्त खालून असल्याने तळ लाल होतो आणि माथा पांढरा राहतो. पूर्वी शेगडीवर भाजताना झाकणावरही निखारे ठेवायचे ते याचसाठी. आता झाकणाच्या आतून जाड फडकं बांधलं तर निदान वाफेचे थेंब पडत नाहीत. फडक्याची टोकं मात्र वर झाकणावर बांधा, आचेजवळ लोंबू देऊ नका.

कुकरमध्ये शिटी आणि रबर काढून करणारे पुष्कळ आहेत. मी सुचवत नाही. कुकर पाणी घालून तापवण्यासाठी बनवलेला असतो, कोरडा तापवून तो खराब होतो आणि उद्या त्याच कुकरमध्ये तुम्हाला वाफेच्या दाबाखाली वरण शिजवायचं असतं.

१४. मायक्रोवेव्हमध्ये? एअर फ्रायरमध्ये?

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तर तोच ओव्हन समजा आणि १६० अंशांवर, खालच्या जाळीवर भाजा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर होत नाही. आतून जळते, वरून कच्ची दिसते. एअर फ्रायरमध्ये १५० अंश, १० ते १२ मिनिटं. पंख्याचा झोत जोराचा असतो, चारोळ्या उडतात, त्या आधी दाबून बसवा.

१५. माझी नानकटाई पसरून पोळी होते. दरवेळी. का?

बहुतेक वेळा तूप. ते पातळ असताना फेसलं (प्रश्न ५), किंवा फेसलेलं पीठ गरम स्वयंपाकघरात तासभर राहिलं. वळलेल्या गोळ्या ट्रेसकट पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला, निम्म्यांचा प्रश्न इथेच सुटतो. तरीही पसरली तर ओव्हन नीट तापला होता का ते पाहा. थंड ओव्हनमध्ये तूप आधी वितळतं आणि आकार नंतर धरतो. त्यानंतरची कारणं: साखर जास्त, सोडा जास्त, तूप जास्त. याच क्रमाने तपासा, सगळं एकदम बदलू नका, नाहीतर नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळणार नाही.

पहिला घाणा सुरेख, दुसरा पसरला, असं का?

कारण ट्रे गरम होता. गोळ्या त्यावर ठेवताक्षणीच खालून वितळायला लागल्या. दोन ट्रे आलटून पालटून वापरा, किंवा ट्रे नळाखाली धरून कोरडा पुसा.

१६. भेगा पडल्याच नाहीत. आणि शेजारणीच्या दुभंगतात. बरोबर कुणाचं?

दोघींचं थोडं थोडं. वरचा थर आधी सुकतो, आतला भाग नंतर फुगतो, त्या ताणाने भेगा पडतात. पिठात हवा कमी गेली असेल किंवा ओव्हन कमी तापला असेल तर माथा गुळगुळीत राहतो. चवीत दोष नसतो. दुभंगत असतील तर पीठ कोरडं आहे किंवा तापमान जास्त.

१७. गोळा बांधलाच जात नाही, भुगा राहतो. पाणी घालू का?

पाणी नको, दूधही नको. आधी मूठभर पीठ घेऊन मूठ दाबा. मूठ उघडल्यावर मुटका टिकला आणि बोटाने हलकं ढकलल्यावर मोडला, तर पीठ बरोबर आहे, थोडं आणखी दाबत वळा. हाताच्या उबेने ते जमून येतं. मुटका टिकतच नसेल तर अर्धा अर्धा चमचा मऊ तूप घाला. उलट पीठ हाताला चिकटून चकाकत असेल तर तूप जास्त झालंय. त्यात मैदा ओतण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

१८. ओव्हनमधून काढली तेव्हा मऊ होती, म्हणून पुन्हा भाजली. आता दगड झाली.

ती मऊच असते. तूप वितळलेलं असतं, गार होताना ते घट्ट होतं आणि नानकटाई आकार धरते. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्यावरही मधे ओलसर लागली तरच १४० अंशांवर पाच मिनिटं परत घाला. कडक होण्याचं दुसरं कारण पीठ मळणं. ही पोळीची कणीक नव्हे.

१९. मैद्याऐवजी कणीक किंवा नाचणी? साखरेऐवजी गूळ?

कणकेची छान होते. निम्मा मैदा, निम्मी कणीक असं सुरू करा आणि तूप एक चमचा वाढवा, कारण कोंडा तूप शोषतो. पूर्ण कणकेची जरा खरखरीत, पण ज्यांना भाकरी-पोळीची चव आवडते त्यांना भावते. नाचणीचं पीठ मंद भाजून, गार करून, निम्म्यापर्यंत घाला. नुसत्या नाचणीची वाळूसारखी सुटते.

गूळ पावडर घ्यायची तर कोरडी, चाळलेली. गूळ ओलावा धरतो, लवकर तांबूस होतो आणि तुपात साखरेसारखा फेसला जात नाही. तापमान १५० वर आणा. दोन दिवसांनी ती मऊ पडते, म्हणून थोडीच करा.

मधुमेह असलेल्यांसाठी गुळाची ‘चालते’ असं मी कुणाला सांगत नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते, आणि मैदा तर आहेच. दहा ग्रॅमचं एक बटण खाण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा.

२०. गव्हाची अॅलर्जी आहे. आणि उपासाची होईल का?

गव्हाशिवाय करायची तर १२० ग्रॅम बेसन आणि ९० ग्रॅम तांदळाचं पीठ घ्या, बाकी प्रमाण तेच, रवा वगळा. एक सावधगिरी: गिरणीत दळून आणलेलं बेसन त्याच जात्यातून येतं ज्यातून आधी गहू गेलेला असतो. सेलिअॅक (ग्लूटेन न सोसणारा आजार) असलेल्या माणसाला तेवढंही बाधतं. अशांसाठी ग्लूटेनविरहित असं छापलेलं बंद पाकीटच घ्या. बेकिंग पावडरचं पाकीटही वाचा.

उपासाची राजगिऱ्याच्या पिठाची होते: पीठ २०० ग्रॅम, पिठीसाखर ९०, तूप ११०, वेलची. इथेही बेकिंग पावडरच अडते. तिच्यात ओलावा शोषायला स्टार्च घालतात, बहुधा मक्याचं. मका उपासाला न चालणारी घरं पुष्कळ आहेत. तिथे काहीच न घालता फक्त तूप नीट फेसा, थोडी बसकी होईल. बाजारच्या आयसिंग शुगरमध्येही स्टार्च असतं, साखर घरी दळा.

२१. किती दिवस टिकते? पावसाळ्यात लगेच सादळते.

पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे. कोमट असताना झाकण लावलं की वाफ आत राहते आणि दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. सादळली तर १४० अंशांवर पाच-सहा मिनिटं तापवून गार करा, पुन्हा खुसखुशीत होते. आणि चिवडा-चकलीच्या शेजारी उघडी ठेवू नका. तूप वास ओढून घेतं, दोन दिवसांत नानकटाईला हिंग-लसणाचा वास लागतो.

२२. आधी पीठ करून ठेवलं तर? आणि चार किलोची करायची असेल तर?

दही न घातलेलं पीठ थांबू शकतं. त्यात पाणी जवळजवळ नसल्याने बेकिंग पावडर लवकर कामाला लागत नाही. वळलेल्या गोळ्या बंद डब्यात फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. भाजायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये उतरवा. दह्याचं पीठ ताबडतोब भाजा.

मोठ्या प्रमाणासाठी पिठं एकदम चाळा, पण तूप-साखर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या घाण्यांत फेसा. मोठ्या परातीत तळाचं तूप तसंच पिवळं राहतं आणि त्या भागातल्या नानकटाया वेगळ्या होतात.

२३. बेकरीत साहित्य नेऊन भाजून आणायची जुनी पद्धत अजून आहे का? काय सांभाळायचं?

आहे, जरी ठिकाणं कमी झाली असली तरी. साहित्य आपलं, भट्टी त्यांची, किलोमागे भाजणावळ. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नंबर लागतो, म्हणून वसुबारसेच्या आधीच उरका. साजूक तुपाची हवी असेल तर तूप घट्ट राहील अशा डब्यात न्या आणि कारागिराला आधी सांगा. त्यांचा हात वनस्पतीचा असतो, साजूक तुपाला मैदा थोडा जास्त लागतो. अंडं न खाणाऱ्यांनी ट्रे वेगळे मिळतील का ते विचारून घ्यावं.

डब्यावर नाव हवंच, झाकणावर नाही, अंगावर. आमच्या लहानपणी एका बेकरीत झाकणं बदलली गेली आणि आमच्या घरी कुणाची तरी गुलाबी रंगाची, इसेन्सची नानकटाई आली. आईने गल्लीत घरोघरी विचारत आमचा डबा शोधून काढला, दोन दिवस लागले. पत्र्याच्या डब्यात तळाला कागद घाला आणि घरी आणल्यावर झाकण काढून पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, कारण भट्टीवरच्या घाईत ती गरमच भरली जाते.

२४. आम्ही परदेशात आहोत. इथल्या मैद्याने जमत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या ऑल-पर्पज पिठात प्रथिनं आपल्या मैद्यापेक्षा जास्त असू शकतात, त्याने नानकटाई चिवट होते. तीन भाग ते पीठ आणि एक भाग कॉर्नफ्लोअर मिसळा, किंवा केक फ्लोअर निम्मं घ्या. ब्रिटनमध्ये प्लेन फ्लोअर घ्या, सेल्फ-रेझिंग नको. त्यात बेकिंग पावडर आधीच असते. थंडीत तूप बरणीत दगड होतं, रात्रीच बाहेर काढून ठेवा. तापमान फॅरनहाइटमध्ये असेल तर १६० अंश म्हणजे ३२०.

भारतातून डबा नेणार असाल तर त्या देशाचे नियम आधी पाहा. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवासी कार्डावर खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात, घरची नानकटाईसुद्धा. जाहीर केलं तर तपासून बहुधा पुढे सोडतात किंवा काढून घेतात, न जाहीर करता सापडलं तर दंड होऊ शकतो. पाठवताना गोळ्या छोट्या आणि जाड वळा. छोटी बटणं प्रवासात टिकतात, पण पातळ दाबलेल्या नानकटाईचा पोहोचेपर्यंत चुरा होतो. प्रत्येक थरात बटर पेपर घाला आणि डबा काठोकाठ भरा, हलायला जागा ठेवू नका.